वरचं पॅनल तुझं, खालचं माझं

बिरू,

तुझी गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात चेपलेल्या टाकीसकट उभी होती, दुकानाच्या शटरवर तुझ्या फोटोचा कागद चिकटवलेला होता, आणि मी माझी चूक तुझ्यावर ढकलून मोकळा झालो. कुणी विचारलं तर सांगता येईल की जोडीदार नुकताच गेलेला, डोकं ठिकाणावर नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण तसं नव्हतं. डोकं चांगलं ठिकाणावर होतं. मी क्षणभर थांबलो, विचार केला आणि मग बोललो. आता हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायचा प्रश्न नाही, म्हणून मीच सांगतो.

ते कॉलेज आठव. माकणीच्या पुढं, धरणाचं पाणी दिसायला लागलं की लागतं ते. तिथल्या कॉम्प्युटर लॅबचं काम हे आपलं दोघांचं शेवटचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, आपण काही ठरवलं नव्हतं. काम संपल्यावर तू दारात उभा राहून अंग मोडत म्हणालास, "मिल्या, पुढचं काम दोन मजल्याचं घ्यू. हे लई बारकं झालं." आणि मग घरी जाताना तुझ्या गाडीपुढच्या त्या उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. पेपरात कोपऱ्यात आलं, तेही तुझं आडनाव चुकवून.

आपण मुरुमला दुकान टाकलं तेव्हा आईनं मला विचारलं होतं, तुम्ही नेमकं करता काय? मी तिला सांगितलं, शाळेत, बँकेत कॉम्प्युटर असतात ना, त्या प्रत्येकाची एक वायर भिंतीतून, छतावरून फिरून एका कपाटात येते. त्या कपाटाला रॅक म्हणायचं. त्यात एक लोखंडी पट्टी असते, ती पॅच पॅनल. पुढून ओळीनं भोकं, मागून खाचा. वायर सोलली की आत आठ रंगीत तारा निघतात, त्या रंग बघून खाचेत दाबायच्या आणि मग सगळ्या वायरींचे जुडगे बांधून कडेला लावायचे. आईनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढ्याला दोघं लागता?" तू आमच्याच स्वयंपाकघरात भाकरी मोडत बसला होतास. म्हणालास, "काकू, एक काम करतो आन् एक बोलतो. कोन काय करतो ते तेवढं इचारू नका." आई अजून ते सांगून हसते. हल्ली हसता हसता पदर डोळ्याला लावते.

खरं तर बोलायचास तूच. गिऱ्हाईक, चहावाला, रॅकच्या खोलीत झोपलेलं मांजर, तुला कुणीही चालायचं. मी गप्प राहून काम करणारा, पण भाव ठरवताना, बिल मागताना पुढं मी. लोकांना वाटायचं मी शहाणा आणि तू येडा. मी ते कधी खोडून काढलं नाही.

खोटं तर तू धादांत बोलायचास. मी फोन केला की, "माकनी सोडली, आलोच," आणि मागं अंगावर तांब्या ओतल्याचा आवाज. पण तुझं खोटं तेवढ्यापुरतंच. अजून एक होतं, ते मी विसरणार नाही. मला उंचीची भीती वाटते. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर मी काम सोडून शिडीच धरून बसतो. पहिल्याच कामावर तुला ते कळलं आणि तेव्हापासून छतातून वायर ओढायची वेळ आली की तू आधीच जाहीर करायचास, "ह्याचा पाय मुरगाळलाय साहेब, मी चढतो." इतक्या वर्षांत माझा पाय किती वेळा मुरगळला असेल! एवढ्या बडबड्या माणसानं ती गोष्ट मात्र कुणापुढं काढली नाही, दारू पिऊनसुद्धा नाही. त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात असलं म्हणायची पद्धत नव्हती.

आपली भांडणं दोनच, पण जन्माची. पहिलं तुझ्या जाहीर करण्यावरून. चूक सापडली की तू ती तिथंच, गिऱ्हाइकासमोर, मोठ्यानं सांगायचास. ढोकीला त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवतंय? मी दोन वायरी उलट्या खाचांत बसवल्या होत्या. मी गुपचूप बदलणार, तेवढ्यात तू ओरडलास, "डॉक्टरसाहेब, हितं गडबड झालीय. ह्या मिल्यानं केली. आन् म्या बघत बसलो म्हनून माझी बी." डॉक्टर हसले, चहा मागवला. मी मुरुम येईपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. दुकानात आल्यावर म्हणालो, "गिऱ्हाइकासमोर आपलीच अब्रू काढतोस, अक्कल आहे का?" तू म्हणालास, "अब्रू कशानं जाती रं? दुरुस्त तर केलं की." "पण सांगायचं कशाला?" "न सांगता केलं तर मला रातीला झोप ग्वाड लागत न्हाय." मी म्हणालो, तुझ्या झोपेसाठी मी धंदा बुडवू का? ते भांडण मिटलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी आपण ते पुन्हा काढायचो.

दुसरं भांडण सुताचं. आप्पा, तुझे वडील, मेंढरांमागं फिरताना चातीवर लोकर कातत असतात. त्या लोकरीला आता कोण विचारतं, पण त्यांना हात रिकामा ठेवायची सवय नाही. ते काळं सूत तू गुंडाळी करून हत्यारांच्या पिशवीत ठेवायचास आणि वायरींचे जुडगे त्यानं बांधायचास. सगळं जग प्लास्टिकचे केबल टाय वापरतं. ओढला की कर्र करून बसतो, शेपूट कापून टाकायची, सगळे टाय एका रेषेत, फोटो काढावा असं काम दिसतं. आणि तुझा जुडगा म्हणजे काळ्या केसाळ दोऱ्याची गाठ, पाऊस लागला की मेंढराचा वास येणारी.

"वायरीला फास देऊ नगं मिल्या, आतल्या तारा चेपत्यात."

"मी हलक्या हातानं ओढतो."

"तू आन् हलका हात! स्क्रू आवळायलास तर भित्ताड रडतंय."

वायरीत तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात आणि तो पीळ खाचेच्या तोंडापर्यंत राखायचा असतो, हे आपण दोघंही एकाच बाकावर बसून शिकलो. पण पीळ उलगडून तारा जरा लांबवर सरळ विंचरल्या की मागून काम फार देखणं दिसतं. मला ती खोड होती. तू म्हणायचास, "आप्पा बगतील तर तुला काठी घालतील. पीळ सोडला तर त्ये सूत ऱ्हातंय व्हय?" मी म्हणायचो, तुझे आप्पा काय नेटवर्क इंजिनियर आहेत का?

आणि मला त्या सुताची लाज वाटायची. आज स्पष्टच लिहितो. नव्या गिऱ्हाइकाला रॅक दाखवताना मी आधी पुढं होऊन दार अर्धंच उघडायचो. सोलापूरचा कुणी माल देणारा आला की तुझ्या रॅकसमोर पाठ करून उभा राहायचो. एकदा तू म्हणालास, "लाजतूस व्हय रं माझ्या मेंढराला?" हसतच म्हणालास. मी म्हणालो, "काहीतरीच काय." ते तिथंच राहिलं.

तर ते कॉलेज. एका रॅकमध्ये दोन पॅनल. तू म्हणालास, "वरचं माझं, खालचं तुझं. बगू कोन आधी उठतंय." मी आधी उठलो. तू वर बसून गाणी म्हणत एकेक गाठ मारत होतास, आणि माझे टाय कर्र, कर्र, कर्र. दोन्ही पॅनल टेस्टरवर लावली, सगळे दिवे लागले. मी फोटो काढून स्टेटसला ठेवला. फोटोत वरचं पॅनल येऊ दिलं नाही. तू बघितलास आणि म्हणालास, "आमचं मुंडकं उडविलंस की रं." आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास.

तू गेल्यावर काही दिवसांनी त्या कॉलेजात ऑनलाइन परीक्षा होती. सगळी मशीन पहिल्यांदाच एकदम चालू झाली, आणि अर्ध्या लॅबचं नेटवर्क जायला-यायला लागलं. पोरांचे पेपर मध्येच अडकले. प्राचार्यांचा फोन आला तेव्हा मी तुझ्या घरीच बसलो होतो, तुझ्या विम्याचे कागद वहिनींना समजावून सांगत. तसाच निघालो.

रॅक उघडला आणि मला लगेच कळलं. नेटवर्क स्विचवर तुझ्या पॅनलचे सगळे दिवे सुरळीत लुकलुकत होते. माझ्या पॅनलचे काही बंद, काही मध्येच मरायचे. मागून बघितलं. माझ्या टायनी जुडगे इतके आवळले होते की वायरी ताणल्या गेल्या होत्या. त्या ताणानं आणि तिथल्या उकाड्यानं काही तारा खाचेतून अर्ध्या उचलून आल्या होत्या. आणि मी विंचरलेल्या त्या सरळ, देखण्या तारा, पीळ नसलेल्या. टेस्टरचे दिवे लागायला तेवढं चालतं. सगळी लॅब एकदम कामाला लागली की चालत नाही. तू म्हणत होतास ते सगळं तिथं माझ्यासमोर होतं.

प्राचार्य सर मागं येऊन उभे राहिले. बाहेर पोरं खोळंबलेली, एकदोघी रडत होत्या. सरांनी रॅकमध्ये डोकावलं, आणि त्यांची नजर तुझ्या पॅनलवर गेली.

"हे काय आहे? दोऱ्यानं बांधलंय?"

मी टेस्टरची वायर गुंडाळायला लागलो.

"हे असलं काम कुणी केलं? तुमचा तो जोडीदार होता, त्याचं का?"

हाच तो क्षण, बिरू. मला नुसतं एवढं म्हणायचं होतं की सर, ते वरचं ठीक आहे, बिघडलंय ते खालचं. मला वाटलं, हे एक कॉलेज हातचं गेलं की त्याच्या ओळखीची बाकीची जातील. मला वाटलं, हा तर आता येणार नाही विचारायला. खरंच असं वाटलं, याच शब्दांत. आणि मी म्हणालो, "हो सर, त्याचंच." एवढ्यावर थांबलो असतो तरी शब्दांपुरतं खरं होतं. पण मी पुढं म्हणालो, "मी सांगत होतो त्याला."

सरांचा आवाज लगेच निवळला. "जाऊ द्या. गेला बिचारा. आजचं भागवा, आणि परीक्षा संपल्या की हे दोऱ्याचं सगळं काढून तुमच्या पद्धतीनं नीट करून द्या." मी म्हणालो, "देतो सर." म्हणजे तुझं चांगलं चाललेलं शेवटचं काम उचकटून टाकायचं मी कबूल केलं. मग खाली बसून, कुणाचं लक्ष नाही बघून, माझ्या पॅनलच्या उचललेल्या तारा पुन्हा दाबल्या. त्या दिवसापुरतं चाललं.

मुरुमच्या बाजारच्या दिवशी आप्पा दुकानात आले. उंबऱ्याबाहेर काठी टेकवली, पटका काढून मांडीवर घेतला. मी खुर्ची पुढं केली तर खालीच बसले. त्या कॉलेजातला कुणीतरी शिपाई त्यांना बाजारात भेटला होता.

"पोरानं काम कच्चं केलं म्हनं. तुमाला बोल खावा लागला."

आप्पा मला लहानपणापासून तू म्हणतात. त्या दिवशी तुम्ही म्हणाले.

"तसं काही नाही आप्पा."

"न्हाय कसं. पोरांचं पेपर बुडालं म्हनं." मांडीवरच्या पटक्याची घडी सारखी केली. "त्याची कसूर न्हाय बगा. सूत माझं. म्याच द्यायचो त्याला. मला वाटायचं, माझ्या लोकरीला कुनी पुसंना, पोराच्या तरी कामाला येतीय. मला काय ठावं, मशिनीला लोकर चालत न्हाय म्हनून. तुमी त्याला सांगत हुता म्हनं. त्यानं ऐकाया पायजे हुतं."

बिरू, मी चहा सांगितला. समोर तुझा बाप बसून तुझ्या चांगल्या कामाची माफी मागत होता आणि मी चहावाल्याला सांगत होतो, साखर कमी. ते उठताना म्हणाले, "चाती आढ्याला खवून ठिवली आता. नगंच ते." मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. तिथंही बोललो नाही. कॉलेजात बोललो ती बेइमानी होती. दुकानात गप्प बसलो त्याला मला शब्द सापडत नाही.

तुला वाटेल मिल्या आता तरी गेला असेल कबूल करायला. गेलो. सरांच्या केबिनमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, "सर, त्या दिवशी मी खोटं बोललो. बिघडलेलं पॅनल माझं होतं. बिरूचं काम पक्कं आहे." खुर्चीतून उठून सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं. गेलेल्या मित्राचा दोष स्वतःवर घेता. आजकाल कोण करतं असं?" मी म्हणालो, सर खरंच. ते म्हणाले, "कळतं हो मला." शेजारी बसलेल्या क्लार्कलाही त्यांनी ते सांगितलं, आणि त्यानं मान हलवून माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी बाहेर आलो तेव्हा तुझी बदनामी होती तिथंच होती आणि माझी कीर्ती वाढली होती. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

तिथंच गाडीवर बसून मला कळलं, की आता बोलून भागणार नाही, दाखवावं लागेल. आणि ज्याला दाखवायचं तो माणूस केबिनमध्ये बसत नाही.

आप्पा धरणाच्या कडेला मेंढरं घेऊन उभे होते. दोन्ही हात काठीवर. त्यांच्या हातात चाती नसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी म्हणालो, "आप्पा, कॉलेजात चला माझ्यासंगं. बिरूचं काम बघायला."

"आता काय बगायचं त्यात."

"चला तरी. आणि घरात सूत असेल तर घ्या."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मेंढरं शेजारच्या गड्याच्या हवाली केली. वाटेत घराशी थांबलो, ते आत जाऊन कोपरीच्या खिशात गुंडाळी घालून आले. गाडीवर माझ्या मागं काठी आडवी धरून बसले.

लॅबमध्ये मी रॅक भिंतीपासून पुढं ओढला आणि मागचं झाकण काढलं. आप्पा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. सुताच्या गाठींवर त्यांचं बोट फिरायला लागलं, एकीवरून दुसरीवर.

"ही गाठ म्या शिकविली त्याला. कोकराची हाय. कोकरू वढलं तरी गळ्याला लागत न्हाय, आन् सुटत बी न्हाय." मग बोट खाली आलं, माझ्या टायवर थांबलं. त्यांनी नखानं तो हलवायचा प्रयत्न केला. हलला नाही. "आन् हे कुनाचं?"

"माझं."

"बिघाड कुठं झाला हुता?"

"खाली. माझ्यात. बिरूचं एकही कनेक्शन गेलं नाही आप्पा. तुमच्या सुतानं काही झालेलं नाही. मी सरांना खोटं सांगितलं. तुम्ही दुकानात आलात तेव्हाही बोललो नाही."

आप्पा ताठ झाले. मला वाटलं काठी घालतील. तू म्हणायचास तशी. घातली असती तर बरं झालं असतं.

"का म्हनून न्हाय बोललास?"

"लाज वाटली."

"आन् मला जे वाटलं त्ये?" एवढंच म्हणाले. पुन्हा वाकले आणि वरच्या गाठींकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण ते माझ्यासाठी नव्हते. "म्या पोराला बोल लावला," ते म्हणाले. "मेल्यावर बोल लावला म्या त्याला. सुनंम्होरं." माझ्याकडं वळले. "तिला जाऊन सांग. मला एकट्याला सांगून काय करतूस?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी हात पुढं केला. "कापायचं काय हाय त्ये दे."

मी कटर दिला. त्यांनी माझे टाय एकेक करून कापले. प्रत्येक टाय तुटला की जुडगा जरासा फुगायचा, दाबून धरलेला श्वास सोडल्यासारखा. मी सगळ्या वायरी काढल्या, पुन्हा सोलल्या, पीळ खाचेच्या तोंडापर्यंत ठेवून एकेक तार दाबली. मी बसवत गेलो, आप्पा बांधत गेले. तुझ्या जागेवर बसून, तुझ्यासारखेच जीभ जराशी बाहेर काढून. तुझी ती सवय कुठून आली होती ते मला तेव्हा कळलं.

आवाज ऐकून प्राचार्य सर आले, मागं तो क्लार्क आणि दोन शिक्षक. सरांनी बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "अहो, हे काय? खालीही दोराच? मी काढायला सांगितलं होतं."

तू करायचास तसं केलं मी, बिरू. उभा राहिलो आणि मोठ्यानं, लॅबच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोललो. "सर, हे खालचं पॅनल मी केलं होतं. परीक्षेच्या दिवशी हेच बिघडलं, हेच." जमिनीवर पडलेले टाय उचलून त्यांच्या हातात दिले. "हे आवळून बांधलं म्हणून बिघडलं. वरचं बिरूनं केलं, त्याला मी तेव्हाही हात लावला नव्हता, आजही लावला नाही. ते चालतंय, बघा. हे त्याचे वडील. सूत त्यांचं आहे." सर तुटके टाय हातात धरून एकदा वर, एकदा खाली, एकदा आप्पांकडं बघत राहिले. या वेळी माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवला नाही. क्लार्कनं मान खाली घातली. सर आप्पांना म्हणाले, "बसा ना, खुर्ची घ्या." आप्पा म्हणाले, "काम हुं द्या."

पुढचं काम ते कॉलेज मला देईल असं वाटत नाही. ते योग्यच आहे.

शेवटचा एक जुडगा राहिला तेव्हा आप्पांनी सुताचा तुकडा तोडून माझ्या हातात दिला. "बांद."

मला येत नव्हती ती गाठ. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून मी ती कधी शिकलो नाही, कारण मला ती लोकांना दिसायला नको होती. आप्पांनी दोनदा करून दाखवली. माझी दोन्ही वेळा सरकली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "सैल सोड. तू आवळायलास," आणि माझं मनगट धरून हात मागं घेतला. गाठ बसली. त्यांनी ओढून बघितली आणि काठी उचलली.

येताना तुझ्या घरी थांबलो. वहिनी परातीत पीठ मळत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "हे असते तर तिथल्या तिथं वरडले असते." मग पाण्याचा हात लावून पुन्हा पीठ मळायला लागल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. आप्पा आत गेले, आढ्याकडं हात घातला आणि चाती काढली. मला दाखवण्यासाठी नाही, आपली सवयीनं. मी निघालो तेव्हा ते ओट्यावर बसून कातत होते.

मला तुझी माफी मागायची नाही, बिरू. तू लगेच "जाऊ दे रं" म्हणाला असतास, आणि मला ते इतक्या स्वस्तात नको आहे. फक्त त्या रॅकचं आता कसं आहे ते कळवतो. वरचं पॅनल तुझं आहे, तू ठेवलंस तसं. खालचं माझं, त्यावर आप्पांच्या गाठी. त्यातली एक, अगदी खाली कोपऱ्यात, वाकडी आहे. ती मी मारलेली. सुटली तर ती कुणाची, हे मी तिथं सगळ्यांना आधीच सांगून आलोय.